भाऊ जामिनावर घरी येतोय, आत टीबी निघाला. घरात लहान पोर आहे, काय करावं?

हुडकेश्वरकर

नमस्कार मंडळी. विषय घरचा आहे म्हणून नाव लपवून लिहितोय. माझा धाकटा भाऊ मारामारीच्या एका केसमध्ये दिवाळीच्या आधीपासून कच्चा कैदी म्हणून आत आहे. कारागृह नागपूरचं नाही, दुसऱ्या जिल्ह्यातलं आहे. कुठलं ते कृपया विचारू नका. मागच्या मुलाखतीला गेलो तेव्हा जाळीपलीकडे तो सारखा तोंडावर हात धरत होता. शर्ट तर असा लोंबत होता की दुसऱ्या कुणाचा घातलाय की काय. आता कळलं की थुंकी तपासली, टीबी निघाला आणि गोळ्या सुरू होऊन तीन आठवडे होत आले. वकील म्हणून राहिले की जामीन आठ-दहा दिवसांत होईल.

घर म्हणजे खाली दोन खोल्या, वर पत्र्याची एक. आईला शुगर आहे. माझी मुलगी चार वर्षांची. बायको म्हणते सहा महिने कुठेतरी भाड्याची खोली घेऊन द्या. आई म्हणते, एका कोठडीतून काढून दुसरीत टाकता का रे पोराला? दोघींपुढे मी गप्प.

त्याला घरात घ्यावं की नाही? ताट-वाटी, कपडे, अंथरूण वेगळं करायचं का? आणि मला कळत नाही ते हे की त्याला झालाच कसा? आखाड्यात जाणारा पोट्टा, विडी-काडी नाही, खर्रासुद्धा खात नाही.

तर्रीपोहा

भाऊ, घाबरू नका. भांडी वेगळी ठेवा, रोज सकाळी लसणाच्या पाच पाकळ्या दुधात उकळून द्या. माझ्या काकांना याच्यानेच फरक पडला. गोळ्या फार गरम पडतात, मधून मधून बंद ठेवत जा.

जरीपटका_ताई

तर्रीपोहा भाऊ, लसूण भाजीत घाला, टीबीत नका घालू. आणि ते "गोळ्या मधून मधून बंद" हे वाक्य आधी खोडा. कुणी वाचून खरं मानलं तर माणूस जायचा.

हुडकेश्वरकर दादा, मी मनपाच्या टीबी युनिटला हेल्थ व्हिजिटर होते, आता रिटायर झाले. अख्खी नोकरी उत्तर नागपुरातल्या गल्ल्यांत थुंकीच्या डब्या घेऊन फिरण्यात गेली, म्हणून जरा लांब लिहिते.

आधी भांड्यांचा निकाल लावू. टीबी ताटातून, ग्लासातून, टॉवेलातून, हात मिळवल्याने होत नाही. तो होतो हवेतून. फुप्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकतो, गातो, नुसता मोठ्याने बोलतो, तेव्हा तुषार उडतात. मोठे थेंब खाली पडतात. बारीक असतात ते हवेतच सुकतात आणि इतके हलके होतात की तासन्‌तास तरंगत राहतात. दार लावलेल्या देवघरात उदबत्तीचा धूर कोंडतो तसं हे असतं; खिडकी उघडली की गेला. हे कुणाच्या डोक्यातून निघालेलं नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत बाल्टिमोरला रिचर्ड रायली या डॉक्टरांनी टीबी वॉर्डातली हवा नळ्यांनी वरच्या मजल्यावर नेऊन गिनीपिगांच्या पिंजऱ्यांत सोडली होती. रुग्णांचा आणि त्या प्राण्यांचा संबंध फक्त त्या हवेपुरता, तरी गिनीपिगांना टीबी झाला. त्याच कामात हेही दिसलं की ज्या रुग्णांना औषध सुरू झालं होतं, त्यांच्याकडून लागण फारच कमी झाली.

हे दुसरं वाक्य तुमच्या बायकोला वाचून दाखवा. औषध लागू पडत असेल तर साधारण दोन आठवड्यांत माणसाकडून पसरणं जवळजवळ थांबतं. मद्रासला १९५६ मध्ये टीबी केमोथेरपी सेंटर निघालं, तिथल्या डॉक्टरांनी अर्धे रुग्ण सॅनेटोरियममध्ये ठेवले आणि अर्धे त्यांच्या दाटीवाटीच्या घरी ठेवून औषध दिलं. १९५९ मध्ये निष्कर्ष छापला: घरी राहिलेल्यांच्या घरच्या लोकांना जास्त टीबी झाला नाही. सगळ्या जगातली सॅनेटोरियमं त्यानंतर हळूहळू बंद पडली. तेव्हा भाड्याच्या खोलीचे पैसे वाचवा, अंड्यांवर घाला.

आता झाला कसा ते. बराकी संध्याकाळी बंद होतात त्या सकाळी उघडतात. तेवढी अख्खी रात्र सगळ्यांचा श्वास एकाच खोलीत. देशातल्या तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस ५ लाख ७३ हजार माणसं होती आणि जागा होती ४ लाख ३६ हजारांची. म्हणजे शंभरच्या जागेत एकशे एकतीस. त्यात चारात तीन तुमच्या भावासारखे, ज्यांचा खटला चालू आहे, गुन्हा सिद्ध झालेला नाही. ही माणसं सारखी येतात आणि जातात. एक जामिनावर गेला की त्याच्या जागी दुसऱ्या वस्तीतला, दुसरं फुप्फुस घेऊन येतो. मधे एखादा न तपासलेला खोकणारा असला की झालं. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की जगभरात तुरुंगातलं टीबीचं प्रमाण बाहेरच्यापेक्षा सुमारे दहापट आहे.

आखाड्याचं म्हणाल तर जंतू दंड मोजत नाही. तो फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या पिशवीत पोचतो. तिथली राखणदार पेशी त्याला गिळते. बाकी बहुतेक जंतू तिथेच खलास होतात, हा तिच्या पोटात राहून जगतो. आणि हा अतिशय आळशी. हगवणीचा जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतो, याला जवळपास वीस तास लागतात. म्हणून आजार महिनोन्‌महिने हळू चढतो आणि म्हणूनच गोळ्याही सहा महिने, कारण झोपलेल्या जंतूवर औषध नीट चालत नाही. लागण झालेल्या शंभरातल्या पाच ते दहांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो. बाकीच्यांत तो निपचित पडून राहतो. जागा होतो तो शरीर खचल्यावर: जेवण तुटलं, शुगर, एचआयव्ही. आपल्या देशात २०१९ ते २०२१ च्या सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरच्या सुमारे ३१ टक्के लोकांत लागण सापडली. तेव्हा भावाला आतच लागला की शाळेत असतानाच लागला होता आणि आत शरीर खचल्यावर उठला, हे छातीठोक कुणीच सांगू शकणार नाही. तो हिशेब सोडून द्या.

तपासणी शिबिराला मी एका कारागृहात जायचे, तिथलं सांगते. बंदी रांगेत उकिडवे बसलेले, प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची डबी. मी ओरडून सांगायचे, "लाळ नको, छातीतून ओढून काढा, सकाळची पहिली." एकाने दोनदा नुसती लाळ दिली. जवळ बसून विचारलं तर हळूच म्हणाला, "मॅडम, निघाला तर वेगळ्या बराकीत टाकतील. इथं माझ्या गावचे तिघं आहेत, तिथं मी एकटा." त्याच रांगेत शेवटी एक असा, की ज्याला दवाखान्यात भरती व्हायचंच होतं, अंडं-दूध मिळतं म्हणून, तो शेजाऱ्याची डबी मागून राहिला होता. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की मशीन आणली, नमुने घेतले, झालं. सीबीनॅट मशीन दोन तासांत जंतू आहे की नाही आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध चालेल की नाही, दोन्ही सांगते, बरोबर. पण डबीत छातीतला बेडका पडला तर ना. तो पडायचा की नाही हे त्या माणसाला आत कशाची भीती आहे त्यावर ठरतं.

आता माझं मुख्य म्हणणं. भाऊ घरी येण्याने मला काळजी नाही. काळजी आहे ती जामिनाच्या दिवसाची. आत गोळ्या रोज समोर उभं करून खायला घालतात. ऑर्डर येते दुपारी, कागद फिरत फिरत संध्याकाळी पोचतो, गेट उघडतं अंधार पडताना. माणूस एक पिशवी घेऊन बाहेर. त्याच्या गोळ्या, कार्ड, रिपोर्ट सगळं दवाखान्याच्या कपाटात आणि कंपाउंडर घरी गेलेला. बाहेर आल्यावर पहिला आठवडा नातेवाईक, वकील, तारीख, पोलिस स्टेशनची हजेरी यात जातो. दुसऱ्या आठवड्यात खोकला थांबलेला असतो, मग वाटतं बरा झालो. असे किती तरी पेशंट मी पत्ता शोधत शोधत गाठले. अर्ध्यावर सोडलं की जे जंतू उरतात ते औषधाला हुशार झालेले. १९९० च्या दशकात सोव्हिएत संघ मोडल्यावर रशियाच्या तुरुंगांत हेच झालं. खच्चून भरलेल्या बराकी, तुटक औषधं, आणि अर्धवट उपचार घेतलेली माणसं सुटून गावोगाव गेली. औषधांना दाद न देणारा टीबी तिथून बाहेरच्या वस्त्यांत पोचला. सायबेरियात टोम्स्कला तो आवरायला वर्षं लागली.

म्हणून आजच करा: पुढच्या मुलाखतीत भावाला त्याचा निक्षय आयडी, म्हणजे सरकारी टीबी नोंदणीचा नंबर, विचारा. प्रत्येक टीबी पेशंटचा असतो. तो आकडा हातात असला की हुडकेश्वरच्या जवळच्या सरकारी दवाखान्यात केस ऑनलाइन बदलून घेता येते, कागद नसले तरी. कारागृहाच्या मेडिकल ऑफिसरला साधा अर्ज द्या की सुटताना रिपोर्टची प्रत आणि शिल्लक गोळ्या सोबत द्याव्यात.

पोरीचं आणि आईचं नंतर लिहिते, डोळे दुखून राहिले.

बर्डीवरचा_बाप

बाप्पा, किती लाड! मारामारी करून आत गेले, त्यांना दूध, अंडी, मशीन. पैसे आपल्या टॅक्सचे. इथं मेडिकलला माझ्या सासऱ्यांना बेड मिळेना आणि यांना स्पेशल बराक. मरू द्या ना आतच, भिंती कशाला बांधल्या मग?

जुनी_पानं

बर्डीवाले साहेब, भिंतीचं म्हणाल तर लंडनला १७५० मध्ये ओल्ड बेली कोर्टात काय झालं ते वाचा. न्यूगेट तुरुंगातले कैदी सुनावणीला आणले, छोटं कोंदट कोर्ट. त्यांच्या अंगावरच्या उवांतून जेल फीव्हर, म्हणजे टायफस, पसरला. मेले कोण? लॉर्ड मेयर, दोन न्यायाधीश, वकील, ज्यूरीतले लोक. तेव्हा समजूत होती की दुर्गंधीने रोग होतो. त्यानंतर न्यायाधीश सुवासिक फुलांचे गुच्छ हातात धरून बसायला लागले, उवा कुणाच्या ध्यानातही नाहीत. टायफस उवेने पसरतो हे शार्ल निकोलने १९०९ मध्ये दाखवलं. तुरुंगसुधारणेसाठी युरोपभर फिरलेला जॉन हॉवर्ड १७९० मध्ये याच तापाने गेला असं मानतात, आजच्या युक्रेनमधल्या खेरसोनला.

क्वार्टरवाला

आमचे बाबा जेल शिपाई होते, कुठे ते सोडा. आम्ही क्वार्टरमध्ये वाढलो. बाबांना टीबी झाला तेव्हा मी सातवीत. बर्डीवाले काका, शिपाई आठ तास त्याच बराकीसमोर उभा असतो आणि ड्यूटी संपली की भाजी घेऊन तुमच्याच बाजारात येतो. तुमच्या शेजारी सिटी बसमध्ये बसतो. अजून काय सांगू.

बर्डीवरचा_बाप

ठीक आहे, मरू द्या हा शब्द मागे घेतो. बेडचं मात्र मागे घेणार नाही.

जरीपटका_ताई

बेडचं बरोबरच आहे तुमचं. पण टीबीला बेड बहुतेक लागतच नाही, घरी राहून बरा होतो, तेच तर वर लिहिलं ना भाऊ.

काळा_कोट_सिव्हिल_लाइन्स

हुडकेश्वरकर, केस पाहिल्याशिवाय फार बोलत नाही, पण तुमच्या वकिलांना दोन गोष्टी सांगा. एक, जामीन अर्जाला वैद्यकीय रिपोर्ट जोडला का ते विचारा. अजामीनपात्र गुन्ह्यातही आजारी किंवा अशक्त व्यक्तीला जामीन देताना न्यायालय त्याचा विचार करू शकतं; जुन्या सीआरपीसीत, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेत, ते कलम ४३७ होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ४८०. दुसरं, ताई म्हणतात तो अर्ज कारागृहाला द्याच, पण जामिनाच्या ऑर्डरमध्येच एक ओळ मागून घ्या की सुटकेच्या वेळी उपचाराची कागदपत्रं आणि औषधं द्यावीत. न्यायाधीश नाही म्हणत नाहीत सहसा. ऑर्डरमध्ये असलं की गेटवर वाद होत नाही.

वाचणाऱ्या इतरांसाठी: वकील परवडत नसेल तर कोठडीतल्या प्रत्येक माणसाला मोफत वकील मागता येतो, उत्पन्नाची अट नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात ते आहे. आणि पहिलाच गुन्हा असेल, आणि त्याला फाशी किंवा जन्मठेप नसेल, तर जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर बाँडवर सोडायची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ मध्ये आहे. गर्दी कमी करायचा रस्ता तोच आहे. नवीन बराकी बांधून होईपर्यंत त्या भरतात.

हुडकेश्वरकर

सगळ्यांचे आभार. काल मुलाखत झाली. आयडी त्याला पाठ नव्हता, पण कार्डावर आहे म्हणाला, शिपायाला सांगून चिठ्ठीवर लिहून आणला. वकिलांनी ऑर्डरमधल्या ओळीचं कबूल केलंय. तो म्हणतो लघवी लाल-नारिंगी होते आणि कुणीतरी आत सांगितलं की किडनी चालली, म्हणून दोन दिवस गोळी थुंकून टाकली! मी चांगला झापला. ताई, हे खरं असतं का? आणि आई-पोरीचं सांगणार होता. शिवाय घरात एक कूलर आहे, मे महिन्यात सगळे त्याच खोलीत झोपतो.

जरीपटका_ताई

लाल लघवी रिफाम्पिसिनची. घाम, डोळ्यांचं पाणीसुद्धा किंचित रंगतं. किडनीला काही झालं नाही. लक्ष ठेवायचं ते दुसरीकडे: डोळे पिवळे झाले, उलट्या सुरू झाल्या, जेवण नकोसं झालं तर लिव्हर, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रंग फिके दिसायला लागले, अंधुक झालं तर इथॅम्ब्युटॉल, म्हणजे टीबीचंच दुसरं एक औषध, त्याचा त्रास; तेही लगेच सांगायचं. दारू पूर्ण बंद. आणि ते दोन दिवस थुंकलेलं दवाखान्यात खरं सांगा, ते रागावत नाहीत. रागावले तरी चालेल.

पोरगी: बीसीजी झालेली असली तरी पाच वर्षांच्या आतल्या मुलांना धोका जास्त, मेंदूपर्यंत जाऊ शकतो. तिला खोकला, ताप, वजन न वाढणं असं काही आहे का ते डॉक्टर बघतील. टीबी नाही असं ठरलं की प्रतिबंधाचं औषध देतात, सरकारी दवाखान्यात फुकट आहे. आता घरातल्या मोठ्यांनाही हे देतात, म्हणून तुम्ही दोघं नवरा-बायकोही नाव लिहा. भाऊ यायच्या आधी जाऊन बोलून ठेवा, तो आल्यावर धावपळ नको.

आई: शुगर असलेल्याला टीबी होण्याचा धोका दोन-तीनपट असतो. त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर, एचबीए१सी, काढून घ्या आणि शुगरच्या गोळ्या वेळेवर द्या. हेच त्यांचं मोठं संरक्षण.

भावाची शुगर आणि एचआयव्ही तपासणी आत झालीच असेल, टीबी निघाला की करतात, रिपोर्ट मागा. दोन महिने पुरे झाले की थुंकी परत तपासायची. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय गोळ्या परस्पर बंद करू नका. दर महिन्याला वजन लिहून ठेवा. वजन चढून राहिलं म्हणजे औषध लागतंय. निक्षय पोषणचे, म्हणजे टीबी पेशंटच्या खाण्यासाठी सरकार देतं ते, पैसे नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये झालेत, थेट खात्यात येतात. आत असताना त्याचं खातं केवायसीअभावी गोठलं असेल तर बँकेचं काम पहिल्याच आठवड्यात उरकून टाका.

कूलरचं तर मी स्वतः सगळ्यांना सांगायची. कूलर खिडकीत बाहेरच्या बाजूला बसवला असेल तर तो बाहेरची हवा आत ढकलतो, चांगलंच आहे. पण समोरचं दार किंवा खिडकी उघडी पाहिजे, नाहीतर ती हवा जाणार कुठं? लोक गारवा टिकावा म्हणून सगळं बंद करतात. दमट होऊन गारवाही जातो आणि हवाही कोंडते. कूलर खोलीच्या आत मधोमध ठेवून दारं लावलीत तर तीच हवा फिरते. एसीचंही तेच. पेरूमध्ये लिमा शहरातल्या दवाखान्यांत मोजलं होतं, २००७ मध्ये छापून आलं. उंच छत आणि मोठ्या खिडक्यांच्या जुन्या वॉर्डांत खिडक्या उघडल्या की हवा इतकी बदलत होती की नव्या मशीनवाल्या खोल्या मागे पडल्या. तुमच्याकडे वर पत्र्याची खोली आहे ना? पहिले काही आठवडे रात्री तो तिथे झोपला तर बरं, पण उन्हात दुपारी तिथे ठेवू नका, पत्रा तापून पोट्टा भाजेल. दिवसा खाली, सगळ्यांबरोबर जेवायला बसवा.

हुडकेश्वरकर

आज दवाखान्यात जाऊन आलो. तिथल्या सिस्टरांनी आयडी टाकून केस उघडली, त्याचं वजन आत ५१ किलो लिहिलेलं आहे. पोरीला सोमवारी तपासायला बोलावलंय. बायको विचारते, ती अंगणवाडीत गेली तर चालेल का?

जरीपटका_ताई

चालेल. सोमवारी तपासताना त्यांना विचारून घ्या एकदा, पण तिला खोकला-ताप नसेल तर थांबवायचं कारण नाही. अंगणवाडीताईंना सांगायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. मी असते तर मुलीचं औषध सुरू झाल्यावर सांगितलं असतं, म्हणजे गोळी चुकली तर त्याही विचारतील.